तिच्या नावाचं पान

हे मी कुणाला पटवून द्यायला लिहीत नाहीये. नाही पटलं तर बरंच आहे, निदान तुम्हाला झोप तरी लागेल. पण घडलं ते खरं घडलं. तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते, घरात माणसं होती आणि बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं.

गेल्या वर्षीचा पितृपक्ष. अकोला जिल्ह्यातलं बाळापूर. नवमीची दुपार.

हो, दुपार... रात्र नाही.

तेव्हापासून मला रात्रीची भीती वाटत नाही. दुपारची वाटते.

मी प्राजक्ता. अमरावतीला राहते. एम.एस्सी. झालेय, ज्युनिअर कॉलेजात शिकवायचे, रेवा झाल्यावर ते सोडलं. रेवा माझी मुलगी, तेव्हा अडीच वर्षांची होती. मी जरा अतीच करते तिचं, असं सगळे म्हणतात. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. शेजारच्या खोलीत ती गप्प असली तरी मला चैन पडत नाही.

माझे मिस्टर नितेश. त्यांचं हे दुसरं लग्न.

पहिल्या बायकोचं नाव अपेक्षा. बाळापूरचीच, त्यांच्याच गल्लीतली, शाळेपासून बरोबर शिकलेली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापाचं निमित्त होऊन गेली. मूलबाळ नव्हतं.

मी तिला कधीच पाहिलं नाही. सासरच्या घरात तिचा फोटोही नाही. मला वाईट वाटू नये म्हणून सासूबाईंनी तो काढून ठेवला. भिंतीवर खिळा मात्र तसाच आहे.

मला तो खिळाच जास्त टोचायचा.

जिवंत बाईशी भांडता येतं हो. गेलेल्या बाईशी काय भांडणार? तिची भाजी कधी खारट होत नाही. ती कधी चिडत नाही, जाड होत नाही, रात्रभर रडणाऱ्या लेकराला घेऊन पारोश्या कपड्यांत बसत नाही. ती जशी होती तशीच राहते, आणि आपण रोज थोड्या थोड्या तिच्याहून कमी पडत जातो.

नितेश तिच्याबद्दल एक शब्द बोलत नसत. माझ्याशी चांगले वागायचे. अगदी चांगले... पाहुण्यांशी वागावं तसे.

नवमीच्या आदल्या दिवशी आम्ही गाडीने निघालो. मूर्तिजापूर गेलं, अकोला गेलं, दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर हिरवीगार. पारसच्या विजेच्या कारखान्याची धुराडी दिसायला लागली की नितेश नेहमी शांत होतात. मी आरशात त्यांच्याकडे बघत होते. मला ती सवयच लागलीय.

घरी टेकलो, चहा झाला, आणि ते रेवाला गाव दाखवायला घेऊन निघाले. मीही गेले. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला आहे. रेवाला त्यांनी खांद्यावर घेऊन बुरूज दाखवले. मग नदीकाठची जुनी, खांबांवर घुमट असलेली दगडी छत्री. तिथल्या पायरीवर नितेश बसले... एका कडेला. डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून.

मी जाऊन त्या जागेवर बसले.

ते उठले आणि पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. पुन्हा डाव्या हाताला तेवढीच जागा मोकळी ठेवून.

मुद्दाम नाही. त्यांना कळलंही नसावं. मुद्दाम केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

परत येताना बाजारातून आलो. कापडाच्या दुकानात नितेश शिरले आणि दुकानदाराने विचारायच्या आत म्हणाले, "जांभळी दाखवा. बारीक काठाची." पदर दोन बोटांत धरून बघितला. दुसरी दाखवा म्हणाले, तिसरी दाखवा म्हणाले. माझ्यासाठी ते कधी साडीच्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत. पैसे देतात आणि म्हणतात, तुला आवडेल ती घे.

ती साडी कुणासाठी, हे मला माहीत होतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं या नवमीला सवाष्ण जेवू घालतात. तिला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, हळदकुंकू, ओटी, नवी साडी. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. तिचं होईपर्यंत घरात कुणी घास घेत नाही. आमच्या सासरी आणखी एक आहे. जेवण झालं की सासूबाई हात जोडून विचारतात, "पोट भरलं का माय?" सवाष्णीनं "भरलं" म्हणायचं, आणि मगच पाट सोडायचा. विचारायच्या आधी उठायचं नाही.

दरवर्षी पार्बताबाई यायच्या. नदीपलीकडच्या खेड्यात राहतात.

त्या दिवशी सकाळीच त्यांच्या मुलाचा फोन आला. वरच्या भागात पाऊस झाला होता, खेड्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं.

सासूबाईंनी गल्ली पालथी घातली. पण नवमीला सगळ्या सवाष्णी आधीच कुठे ना कुठे सांगितलेल्या असतात, आणि एका बाईनं त्या दिवशी दोन घरच्या पानांवर बसायचं नसतं. कढी झाली, वडे झाले, खीर निवली. दुपार टळायला आली. शेवटी सासूबाई, म्हणजे गोदाबाई, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तूच बस माय."

सासरे जानराव ओसरीवर होते. तिथूनच बोलले, "सवतीच्या पानावर सवत बसवता काय? डोकं हाय का जाग्यावर?"

"मंग मोठ्या सुनेले उपाशी ठेवू का? वर्षातून एक डाव येते लेकरू घरी. तुमाले काय, तुमी खाता रोज."

नितेश दारात उभे होते. घडीच्या साडीकडे बघत होते.

मी बसायला तयार झाले. सासूबाईंची अडचण होती, हे खरं. पण माझ्या मनात एकच होतं. ती साडी निदान माझ्या अंगावर येईल.

रेवाला दूध पाजून आतल्या खोलीत झोपवलं. साडी नेसले. सासूबाईंनी माझे पाय धुतले, तेव्हा मला संकोच वाटला. मग कुंकू लावून, डोळे मिटून त्या म्हणाल्या, "अपेक्षा, जेव माय पोटभर."

माझ्या तोंडावर... तिचं नाव.

मी जेवायला लागले. सगळे जण बघत होते, कुणी बोलत नव्हतं. बाहेर कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती, तीही थांबली.

मी एरवी एक वडा खाते. त्या दिवशी सासूबाई वाढत गेल्या आणि मी खात गेले. भात संपला, वडे संपले. आणि तरी... आत काही पोचतच नव्हतं. भूक वाढत होती.

शेवटची खीर राहिली होती. सासूबाई हात जोडून पुढे झाल्या.

तेवढ्यात आतून धप्प आवाज आला. आणि रेवाची किंकाळी.

मी उठले. कुठली आई बसून राहील? पाट ओलांडून आत पळाले. सासूबाई मागून ओरडल्या, "थांब, उठू नको..." पण मी आत पोचले होते.

रेवा खाटेवरून घसरली होती. लागलं नव्हतं, घाबरली होती. मी तिला उचलून छातीशी धरलं.

ती ताठ झाली.

दोन्ही हात माझ्या खांद्याला लावून तिनं मला ढकललं. अनोळखी बाईनं उचललं की लेकरं करतात, अगदी तसं. मी तिला तशीच बाहेर घेऊन आले. माझ्या खांद्यावरून तिची नजर पाटाकडे गेली, आणि रडणं थांबलं.

तिनं पाटाकडे हात केले.

"आई."

पाट रिकामा होता. पुढे खीर उरलेलं पान, बाजूला तांब्या.

मी म्हटलं, अगं मी इथे आहे ना. तिनं माझ्याकडे बघितलं. एसटीत समोरच्या बाकावरच्या बाईकडे बघावं तसं. मग हातातून सुटायला धडपडू लागली. मी खाली सोडलं. ती पळत पाटाजवळ गेली, बसली, आणि एका कुशीला रेलली.

माझ्या मांडीला टेकून ती अशीच बसते. मान तिरकी, सगळा भार एका बाजूला.

पण तिथं मांडी नव्हती. भिंत नव्हती. काहीच नव्हतं...

आणि ती पडत नव्हती.

सासूबाई तोवर सासऱ्यांना सांगत होत्या की सुनेनं पाट मोडला, विचारायच्या आधीच उठली, आता काय करावं. त्यांचं रेवाकडे लक्ष नव्हतं. लक्ष एकाच माणसाचं होतं, आणि ते माझ्याकडे होतं. नितेश माझ्याकडे बघत होते. असं त्यांनी माझ्याकडे कधी, कधीच बघितलं नव्हतं.

"चल, नदीवर जाऊन येऊ," ते म्हणाले.

आणि मी, जी रेवाला शेजाऱ्यांकडे पाच मिनिटं सोडत नाही, ती मी... चपला घालून निघाले.

हे मला आजही समजावता येत नाही. तिला सोडून जातोय, याचं मला काही वाटलं नाही. पोटात फक्त भूक होती.

गल्लीच्या तोंडाशी नितेश नेहमीच्या रस्त्याकडे वळले. मी दुसरीकडे वळले. दोन घरांच्या मधून, माणूस तिरका होऊनच जाईल एवढ्या बोळातून. त्या बोळातून मी आधी कधी गेले नव्हते. मला तो माहीतच नव्हता. पण कुठे पायरी आहे, कुठे मोरीचं पाणी येतं, हे पायांना कळत होतं. मागून नितेश हसले. मोकळं, शाळेतल्या पोरासारखं.

"अरे, हळू ये ना," मी म्हणाले.

मी त्यांना अहो म्हणते. लग्न झाल्यापासून अहोच म्हणते.

बोळाच्या शेवटी गल्लीतल्या जुन्या शेजारीण सुभद्राकाकू उंबऱ्यात गवार निवडत बसल्या होत्या. पावलं ऐकून मान वर न करता म्हणाल्या, "आली का वं?" मग वर बघितलं. माझा चेहरा बघून त्यांच्या हातातली गवार तशीच राहिली. त्या उठून घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

नदीला गढूळ पाणी आलं होतं. छत्रीच्या पायरीवर नितेश बसले, मी त्यांच्या डावीकडे बसले.

ते सरकले नाहीत.

ते बोलत राहिले. अमरावतीतल्या नोकरीबद्दल, अकोल्याच्या कॉलेजबद्दल, एकदा तिथल्या मोर्णा नदीच्या पुलावर सायकल पंक्चर झाली होती त्याबद्दल. मला काहीच सांगत नव्हते, आठवण करून देत होते. आणि मी मान हलवत होते. बरोबर जागी हसत होते. त्यांचा हात माझ्या हातावर होता. मला वाटलं, हेच तर हवं होतं. यासाठीच तर इतकी वर्षं मी आत जळत होते.

मग ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"कुठं होतीस इतके दिवस?"

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं.

ते मी दिलं नाही. कारण त्या क्षणी माझ्या आत जे उसळलं ते भय नव्हतं, मत्सर होता. ही नजर माझी नाही. हा हात माझ्या हातावर नाहीये. माझा नवरा माझ्या देखत दुसऱ्या बाईवर प्रेम करतोय, आणि ती बाई माझ्याच अंगात बसून ते घेतेय. मी भुकेली, आणि जेवतेय ती.

आणि मग एक विचार आला. नवरा तर कधी पूर्ण माझा नव्हताच. पण रेवा?

मी रेवाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला...

आठवेना.

केस आठवले, फ्रॉक आठवला. चेहऱ्याच्या जागी काही येईना.

मी पळत सुटले. नितेश हाक मारत होते. कोणत्या नावानं, ते मी ऐकलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं.

घरात शिरले तर सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंड पांढरं पडलेलं. रेवा पाटाशीच होती, तशीच रेललेली. तिच्या ओठांना, हनुवटीला खीर लागली होती. हात मात्र स्वच्छ होते.

"म्या नाई भरवली," सासूबाई म्हणाल्या. "मी चुलीपाशी होती. पाट उचलाले आली त रडाले लागली. आईले उठवू नको, म्हणते."

मागून नितेश येऊन दारात उभे राहिले. त्यांनी रेवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटतं, त्यांना नदीवर जायच्या आधीपासून कळलं होतं.

सासूबाई उठल्या, माझा दंड धरला. "बस पाटावर. मले इचारू दे. अर्ध्यावर उठली तू, तिचं पान अर्धं राहिलं."

"आई," नितेश म्हणाले. "आत्ता नको."

"काहून?"

"संध्याकाळपर्यंत राहू दे ना."

ओसरीवरून सासरे उठून आत आले. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि विचारलं, "कोणाले राहू दे?"

नितेशनी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, दाराची चौकट धरून उभा होता. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. त्यांनी निवड केली होती, माझ्यासमोर, लेकरासमोर. एका दुपारपुरती का होईना.

मी पाटाकडे गेले. रेवा किंचाळली, "तिथं आई आहे! बसू नको!"

मी बसले.

पाट गरम होता. कुणीतरी आत्ताच उठावं तसा.

भूक अशी उसळली की डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी हात जोडले. "पोट... भरलं का..."

मला "नाही" म्हणायचं होतं. माझं तोंड "नाही" म्हणायलाच उघडलं होतं. जीभ टाळूला लागली होती. समोर नितेश माझ्या ओठांकडे बघत होते, भीक मागितल्यासारखे.

"भरलं," मी म्हणाले.

सासूबाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाले. जोरात म्हणाले.

काहीच झालं नाही. दिवा विझला नाही, दार आपटलं नाही. बाहेर गिरणी पुन्हा सुरू झाली. रेवा गोंधळून इकडे तिकडे बघायला लागली. पाटामागे जाऊन बघितलं, तांब्याच्या पलीकडे बघितलं. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती हुंदके देत रडायला लागली, बाजारात हरवलेलं लेकरू रडतं तशी. मी हात पुढे केले. ती आली नाही. बराच वेळ आली नाही. मग हळूहळू आली, माझ्या मानेत नाक खुपसून वास घेतला...

"आई," म्हणाली.

दारातून नितेश निघून गेले होते. मागच्या अंगणातून त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता. मी त्यांच्याकडे गेले नाही. साडी सोडली, सासूबाईंच्या हातात दिली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही अमरावतीच्या रस्त्याला लागलो.

त्याला आता वर्ष होत आलं. त्या दुपारबद्दल नितेश आणि मी आजवर बोललेलो नाही. सासूबाईंना फोनवर विचारलं तर म्हणतात, झालं न सारं नीट, काहून उकरून काढतं.

पण मला एक गोष्ट सोडत नाही. प्रश्न मला विचारला नव्हता. विचारला होता तिला. आणि तिला उत्तर देऊ न देता "भरलं" असं मी सांगितलं. तिचं भरलं की नाही, मला माहीत नाही. उठली की नाही, तेही माहीत नाही.

आता नितेश बदललेत. माझ्याशी मोकळे बोलतात, मधेच हसतात. बायका म्हणतील, मग तक्रार कसली? तक्रार नाही. फक्त ते प्रेमाने माझ्याकडे बघायला लागले की मी त्यांच्याकडे बघत नाही. मी आधी रेवाकडे बघते. ती मला आई म्हणून हाक मारते का, ते बघते. तिनं हाक मारली की मग मी त्यांचा हात हातात घेते.

गेल्या रविवारी दुपारी ते स्वतः चहा करून घेऊन आले. माझ्याजवळ बसले, माझी बट कानामागे सारली. मी रेवाकडे बघितलं. ती फरशीवर ठोकळे लावत होती. मी म्हटलं, रेवा, इकडे बघ, मी कोण?

तिनं मान वर केली.

एरवी ती लगेच सांगते. तिला तो खेळ वाटतो.

त्या दिवशी ती माझ्याकडे बघत राहिली... बराच वेळ. हातात ठोकळा तसाच.

मग ती उठली आणि मला शोधायला स्वयंपाकघरात गेली.